चार कोटी शहाऐंशी लाखांत एक

सात वर्षांत माझ्या हातून एकही चूक झाली नव्हती. हे वाक्य मी घरी म्हटलं आहे, ऑफिसात म्हटलं आहे, आणि बाळंतपणाच्या कळा येत असताना नर्सने "तारीख नक्की हीच होती ना, की काही गडबड झालीये?" असं विचारलं तेव्हा तर चांगलं ओरडून म्हटलं आहे.

आमच्या वर्तमानपत्रात पान सहावर, हवामानाच्या खाली आणि शब्दकोड्याच्या वर, 'दिनविशेष' नावाची एक चौकट असते. आजच्या तारखेला इतिहासात काय घडलं, कोण जन्मलं, कोण गेलं. ती चौकट माझी. तुम्ही ती वाचत नाही, मला माहीत आहे. शब्दकोड्याकडे जाताना वाटेत लागते म्हणून नजर पडते, इतकंच. पण मी ती अशी सांभाळायचे, जसं काही उद्या कोणी तारखा उचलून नेणार आहे.

माझ्याकडे एक जाडजूड वही होती. तीनशे सहासष्ट पानं, एका तारखेला एक पान. निळ्या शाईत जन्म, काळ्या शाईत मृत्यू, लाल शाईत घटना. लाल शाई सगळ्यांत आधी संपायची. भूकंप, बुडालेली जहाजं, साथी, लढाया. मुलगी झाल्यापासून मी त्या वहीत असा एक दिवस शोधत होते, ज्या दिवशी कुठेच काही वाईट घडलेलं नाही. सापडला नाही. एकोणतीस फेब्रुवारी चार वर्षांतून एकदा उगवते, तिने तरी जरा जपून वागावं. तर तीही तसलीच.

आणि माझी एक खास पद्धत होती. हयातीचा फोन. शहरातल्या पंचाहत्तरी ओलांडलेल्या मान्यवरांना मी वाढदिवसाच्या आठवडाभर आधी फोन करायचे. कारण निळ्या शाईतला माणूस मधल्या वर्षात काळ्या शाईत गेलेला असू शकतो, आणि आपण त्याला छापून शुभेच्छा द्यायच्या म्हणजे शोभा. आता फोनवर "आपण अजून आहात ना?" असं तर विचारता येत नाही. म्हणून मी विचारायचे, "आपल्या नावाआधी काय लिहू? ज्येष्ठ लिहू की माजी?" पलीकडून माणूस स्वतः बोलला की मी वहीत बरोबरची खूण करायचे. एक गृहस्थ म्हणाले होते, "यंदा ज्येष्ठ लिहा. दिवंगत लिहायची वेळ आली की सूनबाई कळवतील." दुसऱ्या वर्षी सूनबाईंनी कळवलंसुद्धा.

अशी माझी शिस्त. मग मी सहा महिने बाळंतपणाच्या रजेवर गेले आणि चौकट गेली पहिलंपानकडे.

पहिलंपान हे आमच्या बातमीदाराचं टोपणनाव. महापालिकेचा नळ फुटला तरी त्याला ती पहिल्या पानाची बातमी वाटते. सहाव्या पानावर त्याचं मन कुठून लागणार? त्याने बारा वर्षांपूर्वी वारलेल्या एका शिल्पकाराला "शतायुषी व्हा" अशा शुभेच्छा छापल्या. घरी पाळण्याच्या दोरीला धरून मी तो अंक वाचला आणि मला घाम फुटला. आता वाचकांचे फोन येणार, पत्रं येणार, माणसं जाब विचारायला कचेरीत येणार.

एक फोन आला. शिल्पकाराच्या बायकोचा. कोणाला तरी आठवण राहिली म्हणून तिने आभार मानले.

त्या दिवशी मला पहिल्यांदा शंका आली, की ही सात वर्षं मी नेमकी कोणासाठी बिनचूक होते?

रजेवरून परत आले, दोन-चार महिने गेले, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात संपादकांनी केबिनमध्ये बोलावलं. आमचे संपादक वाईट बातमी देताना खिडकीकडे बघतात. ते खिडकीकडे बघत म्हणाले, "बाहेरची एक संस्था आहे. तयार दिनविशेष देते. रोज सकाळी सहाला येऊन पडतं. बारा महिने. रजा नाही, काही नाही."

'रजा' हा शब्द त्यांनी अगदी सहज उच्चारला. इतका सहज, की नक्की सकाळपासून सराव केलेला असणार.

"आणि माझं काय, सर?"

"तुमचं बघू."

कचेरीत 'बघू' म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. ग्रंथपालबाईंचं 'बघू' झालं होतं. दोन महिन्यांनी त्यांच्या टेबलावर प्रिंटर आला.

आता तुम्ही म्हणाल, एका चौकटीसाठी एवढा जीव का टाकायचा? तर ऐका. दहा महिने मी घरात कोणाची तरी आई होते, कोणाची तरी सून होते, आणि उरलेल्या वेळात बाटल्या उकळत होते. त्या कचेरीत दिवसाचे सहा तास मला लोक तारखा विचारायचे. वही गेली की मीही गेले. घरी नवऱ्याचं उत्तर तयारच होतं. "गेली नोकरी तर गेली. पिटुकलीला आईची गरज आहेच की." पिटुकली म्हणजे आमची दहा महिन्यांची लेक. तिला आईची गरज असते, हे मला कोणी सांगायला नको. ती झोपलेली असताना छाती वरखाली होतेय का ते मी दर दहा मिनिटांनी बघते. पण बापाची गरज असली तर कोणाची नोकरी जात नाही, एवढंच आपलं माझ्या मनात येऊन गेलं.

मी म्हटलं, "सर, मला एक संधी द्या. एक जुलैला पूर्ण पान द्या."

"एक जुलैला काय आहे?"

मी वही उघडली. एक जुलैचं पान म्हणजे माझं सगळ्यांत भरलेलं पान. १९०८ साली 'एसओएस' हा संकटाचा इशारा जगभर लागू झाला, तो त्या दिवशी. १९१६ साली एका लढाईच्या पहिल्याच दिवशी जवळपास वीस हजार सैनिक मेले, तो तोच दिवस. १८५८ साली उत्क्रांतीवरचा डार्विनचा निबंध पहिल्यांदा वाचला गेला, तोही त्याच दिवशी, आणि डार्विन तिथे नव्हता, कारण तो आपल्या दीड वर्षाच्या मुलाला मूठमाती देत होता. हे शेवटचं मी कधी छापलं नाही. दीड ओळीत बसत नाही ते.

पण संपादकांना दाखवायचे होते ते निळ्या शाईतले. आपल्या शहराचे चार मानबिंदू. गोलकीपर, ज्यांनी एके काळी देशाचा गोल राखला. रेडिओवरच्या निवेदिका, ज्यांच्या आवाजावर दोन पिढ्यांनी घड्याळं लावली. जादूगार, ज्यांनी भर चौकात अग्निशमन दलाचा बंब गायब केला होता. आणि डोळ्यांचे डॉक्टर, ज्यांनी निम्म्या शहराचे मोतीबिंदू काढले. चौघंही हयात. चौघांचाही जन्म एक जुलैचा.

"चौघांचाही?" संपादकांनी खिडकीवरून नजर काढली.

"चौघांचाही. आणि सर, मी संख्याशास्त्राची पदवीधर आहे. चार ठरावीक माणसं एकाच तारखेला जन्मण्याची शक्यता किती असते माहितेय? चार कोटी शहाऐंशी लाखांत एक."

संपादक उठून उभे राहिले. सात वर्षांत ते माझ्यासाठी पहिल्यांदाच उठले. "हाच मथळा. चौघांना इथे बोलवा. केक कापू. व्हिडिओवर थेट दाखवू. जमलं तर चौकट तुमची. पण काही कमीजास्त झालं, तर पंधरा जुलैपासून ती संस्था."

घरी जाऊन मी नवऱ्याला लंगोटांच्या पाकिटावर आकडेमोड करून दाखवली. तीनशे पासष्ट गुणिले तीनशे पासष्ट गुणिले तीनशे पासष्ट.

तो म्हणाला, "इतकं दुर्मीळ आहे?"

"हो तर."

"मग ते खरं कसं असेल?"

"म्हणजे?"

"काही नाही गं. चार कोटी शहाऐंशी लाखांत एकदा होणारी गोष्ट नेमकी आपल्याच गावात कशी झाली, एवढंच विचारलं."

"कुठेतरी होणारच ना! तुला गणितही कळत नाही आणि कौतुकही करता येत नाही."

तो गप्प बसला. हा मनुष्य आयुष्यात फार थोड्या वेळा बरोबर असतो, आणि असला की लगेच गप्प बसतो. त्यामुळे आपल्याला पत्ताच लागत नाही.

मग फोन. गोलकीपर स्वतःच बोलले. "ये की पोरी. केक असेल ना? मग तारीख काय, तू म्हणशील ती." मी हे विनोद म्हणून घेतलं. डॉक्टर म्हणाले, "अकरा ते अकरा वीस. त्यानंतर पेशंट आहेत." जादूगार म्हणाले, "येईन, पण कसा येईन ते सांगणार नाही."

निवेदिकाबाईंना फोन लावला तेव्हा पिटुकली माझ्या मांडीवर होती. तिच्या तोंडात काहीतरी होतं. ते काय आहे हे कळेपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो, म्हणून माझं एक बोट तिच्या तोंडात आणि एक कान फोनला.

तो सुप्रसिद्ध आवाज म्हणाला, "बाळ, मी येईन, पण माझा जन्म जुलैतला नाही गं. आई सांगायची, तू झालीस तेव्हा इतकी थंडी होती, की तुला धुवायला आणलेल्या पाण्यावर साय धरली होती."

"हो का?" मी म्हटलं. बोटाला काहीतरी कडक लागलं. बटण? पेनाचं टोपण?

"जुलैत कुठून आली थंडी?"

"आजी, आमच्या नोंदीत एक जुलैच आहे. सात वर्षं आम्ही तीच छापतोय."

"छापताय खरं. मी दर वर्षी बघते आणि म्हणते, असेल."

"वय झालं की आठवणींची सरमिसळ होते, आजी," मी म्हटलं. चांगलं ठासून म्हटलं. ऐंशीच्या घरातल्या बाईला तिचा जन्म कधी झाला ते मी, दहा महिन्यांच्या मुलीच्या तोंडात बोट घालून, समजावून सांगितलं.

"बरं बाई. तू म्हणतेस तर जुलै."

तोंडातून निघाला तो पिटुकलीचा पहिला दात होता. निघाला म्हणजे, बाहेर येत होता. मी इतकी आनंदले, की थंडी, पाणी, साय सगळं डोक्यातून पार धुऊन गेलं. वहीत बरोबरची खूण केली.

एक जुलैचा अंक देखणा निघाला. पानभर चौघांचे फोटो आणि वर हा एवढा मथळा: 'चार कोटी शहाऐंशी लाखांत एक'. खाली लहान अक्षरात माझं शक्यतेचं गणित, पायऱ्यापायऱ्यांसकट. बैठकीच्या खोलीत भिंतीवर तोच मथळा कापडावर छापून लावला होता. केकवर क्रीमने तोच आकडा लिहिला होता, फक्त बेकरीवाल्याने एक शून्य वाढवून दिलं होतं. म्हटलं, असू दे, दुर्मीळ ते आणखी दुर्मीळ. पहिलंपानने फोन स्टँडवर लावला आणि थेट व्हिडिओ सुरू केला. मी माझा फोन केकच्या डब्याला टेकवून ठेवला होता. त्यात सासूबाईंनी घरून पिटुकली दाखवत ठेवली होती. ती झोपली होती. छाती वरखाली होत होती.

डॉक्टर अकराला आले. निवेदिकाबाई अकरा दोनला. जादूगार चक्क दारातून आले. शेवटी गोलकीपर आले, दारात वाकून, कारण माणूस अजून सहा फूट दोन इंच आहे आणि हात असे, की बसल्या जागेवरून खिडकी लावावी.

संपादकांनी भाषण सुरू केलं. "नियतीने एकाच दिवशी..." इथवर आले असतील, तेवढ्यात गोलकीपर डॉक्टरांकडे बोट दाखवून म्हणाले, "अरे, तू तो चष्मेवाला ना? खालच्या शाळेतला? पुढच्या बाकावर बसून रडायचास तो?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, लावला. "लांबहात्या?"

"आणि ही कोण? ही दोन वेण्यांची!"

"मी तुला ओळखलं होतं," निवेदिकाबाई म्हणाल्या. "फोटोत नव्हतं ओळखलं. बोटं मोडतोस त्यावरून ओळखलं."

जादूगार हळूच म्हणाले, "मी मागच्या बाकावर होतो. मला कोणी बघितलंच नसणार."

चौघं एकाच शाळेचे. एकाच वर्गाचे. काय योग, काय योग, असं संपादक म्हणत राहिले. मला मात्र भिंतीवरचा तो आकडा तेव्हाच खटकला. संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला शिकवलेलं असतं, की निष्कर्ष फारच चमत्कारिक आला तर आधी माहिती कुठून आली ते बघा. वर्गात तिसरी आले होते मी.

"मग मास्तर आठवतात का?" गोलकीपर खुशीत आले. "शाळेचा पहिला दिवस. सगळ्यांना ओळीत उभं केलं. म्हणाले, जन्मतारीख कोणाला ठाऊक आहे? कोणालाच नाही. कोणाच्या घरी असायची तेव्हा? मास्तर म्हणाले, आज काय वार, काय तारीख? एक जुलै. लिहा सगळ्यांना एक जुलै!"

सगळे हसले. मी केकची सुरी पुढे केली. "केक कापू या का? डॉक्टरांना अकरा वीसला..."

"एकतीस पोरं होतो आम्ही," गोलकीपर कसले थांबतायत. "एकतिसांचाही वाढदिवस आज. बोलवायचं होतं ना सगळ्यांना. त्या कापडावरचा आकडा बसला असता का तुमचा?"

थेट व्हिडिओखाली लोकांचे शेरे सुरू झाले. पहिलंपान ते मोठ्याने वाचून दाखवू लागला. का? तर लोकांना सहभागी वाटावं म्हणून. "एक वाचक विचारतात, मग यांचा खरा वाढदिवस कधी? दुसरे विचारतात, हे छापणाऱ्या मॅडम कोण? तिसऱ्या म्हणतात, माझ्या आजोबांचीपण एक जुलैच आहे."

संपादक माझ्याकडे बघत होते. खिडकीकडे नाही, माझ्याकडे. मी धीर करून म्हटलं, "तारखेचं जाऊ दे. साल तर खरं असेल?"

हे मी का विचारलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

"साल?" निवेदिकाबाई म्हणाल्या. "साल कानावरून ठरलं."

"कानावरून?"

गोलकीपरांनी उभं राहून दाखवलं. उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन डावा कान धरला. "असा हात कानाला लागला, की पोर सहा वर्षांचं. नाही लागला, तर घरी जा, पुढच्या वर्षी ये. अशी परीक्षा."

आणि हात तसाच डोक्यावर ठेवून ते थांबले. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं, नळाचं पाणी गेल्यासारखं.

"माझा लागला," ते म्हणाले. "मी होतो चार वर्षांचा. आई म्हणायची, अजून चारच सरलीत याची. पण हात लांब. लगेच लागला कानाला."

"आणि माझा लागेचना," निवेदिकाबाई म्हणाल्या. "आखूड हात, त्यात वेण्यांचा अंबाडा. दोन वर्षं परत पाठवलं मला. आठ वर्षांची घोडी झाले तेव्हा सहाची म्हणून घेतली."

"म्हणजे तू निवृत्त झालीस..."

"दोन वर्षं उशिरा." त्या ओशाळून हसल्या. "छान होती रे ती दोन वर्षं."

"आणि मला पस्तिशी झाली म्हणून संघातून काढलं," गोलकीपर म्हणाले. "नियमच होता. मी तेहतीसचा होतो. त्याच वर्षी संघ बोटीने परदेशी गेला. मी बंदरावर पोचवायला गेलो होतो."

त्याच हातांनी त्यांना देशाचा गोलकीपर केलं होतं, आणि त्याच हातांनी त्यांची दोन वर्षं आधीच खाऊन ठेवली होती. मला वाटतं, ती गोष्ट त्यांना त्या क्षणापर्यंत कोणी अशी ओळीत मांडून दाखवली नव्हती. ती मांडायची सोय मी केली होती. केकसकट.

वातावरण हलकं करावं म्हणून जादूगार उठले. त्यांनी गोलकीपरांच्या कानामागून रेशमी रुमाल काढायचा घाट घातला. रुमाल निघाला नाही. कानातलं ऐकायचं यंत्र निघालं. ते केकवर पडलं, वाढीव शून्याच्या मधोमध.

"हे तुझं पहिल्यापासून असंच," डॉक्टर म्हणाले. मग घड्याळ बघून उठले. दारात थांबून मला म्हणाले, "तुम्ही ही वही कोणा एकाला तरी विचारून लिहायला हवी होती."

मी काही बोलायच्या आत निवेदिकाबाईंनी पहिलंपानच्या फोनकडे तोंड केलं. सवयच हो, चाळीस वर्षांची. आणि घड्याळं लावावीत अशा स्वच्छ, खणखणीत आवाजात शहराला सांगितलं, "या मुलीला दोष देऊ नका. मी तिला फोनवर सांगितलं होतं, माझा जन्म थंडीतला. पण ती बिचारी बाळाच्या गडबडीत होती. तिने मला समजावलं, की माझं वय झालंय."

माझी बाजूच घेत होत्या त्या. एवढ्या प्रेमाने मला कोणी कधी खड्ड्यात घातलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर बातमी आली, 'एक मास्तर, एकतीस वाढदिवस'. गोलकीपरांचा डोक्यावरून कान धरलेला फोटो, पाच कॉलमी. खाली पहिलंपानचं नाव. वर्षभरात सर्वाधिक वाचली गेलेली बातमी, असं संपादकांनी बैठकीत जाहीर केलं आणि त्याला उभं राहायला लावून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पान सहावर, हवामानाच्या खाली, तीन ओळींची दिलगिरी होती. त्याखाली नाव माझं.

पहिलंपान माझ्या टेबलाशी आला. "ताई, राग नाही ना? तुमच्यामुळेच मिळाली बातमी."

"नाही रे."

"गोलकीपरांचा नंबर देता का? आणखी एक भाग करायचाय."

दिला.

संपादक पुन्हा खिडकीकडे बघू लागले होते. "तुमची मेहनत मला दिसते. पण विश्वासार्हतेचा प्रश्न आहे. आणि बाळ लहान आहे, तुमचंही लक्ष लागत नसणार. ते बाईंनी सांगितलंच. तुम्ही आता जरा घराकडे बघा. पुढचं बघू."

"आणि तो शिल्पकार, सर? बारा वर्षांपूर्वी वारलेला?"

"कोण शिल्पकार?"

जाऊ दे.

पंधरा तारखेपर्यंत माझ्याकडे एकच काम उरलं. वहीतल्या सगळ्या नोंदी त्या संस्थेला पाठवायच्या. त्यांच्याकडे जगातले लोक होते, आपल्या शहरातले नव्हते. संगणकावर त्यांचा एक तक्ता होता, नाव, तारीख, साल, ओळख. घरी बसून भरा म्हणाले.

खरं सांगते, पहिल्या दिवशी मी सगळं उलटसुलट करायच्या तयारीने बसले होते. कवी एप्रिलमधून ऑक्टोबरात, पैलवान गायिकांच्या जागी. भोगा म्हटलं. पण तीन नोंदी चुकीच्या टाकल्या. पिटुकलीला तापवून थंड न करता दूध दिल्यासारखं वाटलं. तिन्ही दुरुस्त केल्या. चुकायलासुद्धा अंगात काहीतरी लागतं, ते माझ्यात नाही. मी चुकते ती फक्त प्रामाणिकपणे.

तीनशे पासष्ट पानं भरली. उरलं एक जुलै. या वेळी मी चौघांना पुन्हा फोन केले, आणि पिटुकलीला सासूबाईंकडे देऊन केले. गोलकीपर म्हणाले, "पूल बांधला त्या वर्षी, असं आई म्हणायची. पण कुठला पूल, ते विचारायचं राहून गेलं." निवेदिकाबाई म्हणाल्या, "थंडी होती, इतकंच गं." डॉक्टर म्हणाले, "कळून काय करणार आहात?" जादूगारांनी सांगायला नकार दिला.

मी चौघांच्या तारखेची जागा रिकामी ठेवली. सात वर्षांतली माझी सगळ्यांत अचूक नोंद. तक्ता पुढे जाईना. लाल अक्षरं आली, 'तारीख आवश्यक'. शेवटी वैतागून संस्थेच्या नंबरवर फोन लावला. मला वाटलं होतं, मोठी कचेरी असेल, यंत्रं असतील, बटण दाबा, वाट बघा. पहिल्याच घंटीला एका मुलीने उचलला. माझ्याहून लहान असेल. आणि तिच्या मागे एक मूल टाहो फोडून रडत होतं.

"बोला ताई. थांबा हं, एक मिनिट. ए सोन्या, ते तोंडात नाही घालायचं. हं, बोला."

"चार नोंदींना तारीख नाहीये. रिकामी ठेवायची आहे."

"रिकामी नाही चालत, ताई. तारखेशिवाय माणूस पुढे सरकतच नाही."

"पण खरी तारीख कोणालाच माहीत नाही. त्यांना स्वतःलासुद्धा."

"मग टाका ना काहीतरी. सकाळी सहाच्या आत सगळं जायचं असतं. मी एकटीच आहे इकडे, रजा-बिजा काही नसते. सोन्या! ताई, सांगा पटकन, मीच भरते तुमच्यासाठी. चौघांना एकच टाकू का?"

तिच्या बोटाला काय लागलं असेल, बटण की टोपण, हे मी इकडून ऐकत होते. आतल्या खोलीत पिटुकली उठली आणि तिनेही सूर लावला. सासूबाई ओरडल्या, "अगं, भूक लागलीय हिला, आटप लवकर!"

"ताई, आहात ना?"

"आहे," मी म्हटलं. "एक जुलै टाक."